चिंगी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा

आमच्या घरी गुरं आहेत, त्यामुळे जनावर माजावर येणं, म्हणजे गर्भ धरायच्या काळात येणं, कुत्रीच्या बाबतीत ज्याला हीट म्हणतात, हे आम्हाला काही नवीन नाही. म्हैस कशी ओरडते त्यावरून अण्णा ओळखतात आणि कालनिर्णयवर तारखेला गोल करून ठेवतात. तरीपण आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या पहिल्या हीटला आमचं चुकलं, आणि गुरांचं माहीत होतं म्हणूनच चुकलं. ज्यांची कुत्री पहिल्यांदा हीटवर येणार आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

चिंगी गावठी आहे. २०२४ च्या जानेवारीत थंडीत सापडली, तेव्हा महिन्याभराची असेल. आमच्याकडे कुत्री भादव्यात लागतात आणि दोनेक महिन्यांनी, दिवाळीनंतर गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागतात, तशातलीच ती एक. आम्ही कराडजवळ गावात राहतो, घराला कंपाउंड आहे पण गेटखाली चांगली वीतभर फट आहे, ही फट पुढे महत्त्वाची आहे.

ऑगस्टच्या शेवटाला ती जरा वेगळी वागायला लागली. फिरायला नेलं की दर दहा पावलांवर थोडी थोडी लघवी, घरी आल्यावर सारखं मागे चाटत बसायचं, जेवण अर्धं सोडायची आणि मधेच माझ्या पायाला चिकटून बसायची. मला वाटलं लघवीचं इन्फेक्शन झालं असेल. लघवीची जागा सुजून फुगली होती ते खरंतर दिसत होतं, पण ती पहिल्यापासून अशीच आहे का हे कधी नीट बघितलंच नव्हतं. तुमची पिल्लू सहा महिन्यांची झाली की आठवड्यातून एकदा तरी बघत जा, नेहमी कसं असतं ते माहीत असलं तरच सूज कळते. पहिली हीट साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान येते, मोठ्या जातीच्या कुत्रीला दीड-दोन वर्षंही लागू शकतात.

५ सप्टेंबरला, म्हणजे हरितालिकेच्या आदल्या दिवशी, ओसरीतल्या फरशीवर रक्ताचे चार-पाच थेंब दिसले. आई म्हणाली पाळी आली. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं रक्त दिसलं म्हणजे माज निघून गेला, आता काय काळजी नाही."

अण्णा चुकीचं बोलत नव्हते, गाईच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. गाय माजावर असते तेव्हा काचेसारखा पारदर्शक सोट, म्हणजे चिकट स्राव टाकते, आणि माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी कधी कधी रक्त दिसतं. रक्त दिसलं की गडीमाणसंही म्हणतात वेळ गेली, आता एकवीस दिवसांनी बघायचं. आम्ही तोच हिशोब चिंगीला लावला आणि तिला नेहमीसारखं मोकळं सोडलं. नशीब म्हणून त्या दोन दिवसांत काही झालं नाही, कारण त्या दिवसांत कुत्री स्वतःच कुत्र्यांना जवळ येऊ देत नाही. गेटवर आलेल्या दोघांना तिने चावून पळवलं आणि आम्हाला वाटलं बघा, हिला नकोच आहे.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लसीकरणाच्या डॉक्टर मॅडमना फोन केला, तोही इन्फेक्शनचं औषध विचारायला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "रक्त कधीपासून दिसतंय? तारीख सांगा." मग म्हणाल्या, कुत्रीचं रक्त म्हणजे माजाची सुरुवात. पहिले नऊएक दिवस रक्त जातं, कुत्रे मागे लागतात पण ती त्यांना घेत नाही. मग रक्त फिकट होत जातं, पाणी घातल्यासारखं गुलाबी किंवा गवताच्या रंगाचं, आणि तेव्हाच ती कुत्र्याला घ्यायला तयार होते, तेही पुढचे साधारण नऊ दिवस. हे आकडे प्रत्येक कुत्रीत बरेच मागेपुढे होतात म्हणून सगळं मिळून तीन आठवडे, सुरक्षित राहायचं तर चार आठवडे धरा. आणि बाईच्या पाळीशी याचा काही संबंध नाही. बाईचं गर्भ न राहिल्यावर अस्तर पडून जातं, कुत्रीचं गर्भपिशवी तयार होताना रक्त येतं. म्हणजे आम्ही गाईवरून आणि बाईवरून दोन्हीकडून अंदाज लावला आणि दोन्ही उलटे निघाले. रक्त थांबलं की सुटलो असं वाटतं, पण खरी जपायची वेळ तिथून सुरू होते. ही एक गोष्ट तरी डोक्यात ठेवा.

हे सगळं मी आईला सांगितलं कारण तिच्या मनात गौरी बसायच्या खोलीत चिंगी येऊ नये असं होतं. मला तर पाळी असली तरी त्यात काही वाटलं नसतं, पण पाळी नाहीच म्हटल्यावर आईचंही समाधान झालं आणि चिंगी खोलीच्या दारात गौरींकडे तोंड करून झोपली.

घरातली व्यवस्था सांगते. लहान मुलांचं पँटसारखं डायपर आणून शेपटीला भोक पाडलं, वरून जुन्या बनियनची पट्टी बांधली. दर तीन-चार तासांनी बदलायचं आणि मधे काढून ठेवायचं, नाहीतर कातडी लाल होते आणि तिला स्वतःला चाटून साफ करता येत नाही. डायपर फक्त फरशीसाठी आहे, त्याने कुत्रा अडत नाही, तो ओढून काढतो. फिरणं पहाटे पाचला आणि रात्री उशिरा, पट्ट्यानेच, कितीही शहाणी असली तरी. दारात लघवी केली की लगेच बादलीभर पाणी ओतायचं कारण वासावरच कुत्रे येतात. तरी गौरी आल्या त्या दिवशी गेटसमोर सात कुत्रे मुक्कामाला होते, रात्रभर भांडणं, शेजारचे काका काठी घेऊन उठायचे. मी त्यांना जाऊन सांगितलं की अजून दोन आठवडे सहन करा. फटीला प्लायवूड लावलं. मैत्रिणीने हीट थांबवायच्या इंजेक्शनचं सुचवलं होतं, मॅडमनी साफ नको म्हणून सांगितलं, त्या हार्मोनने पुढे गर्भपिशवीत पू व्हायची शक्यता वाढते.

१४ तारखेला, दहाव्या दिवशी, रक्त एकदम फिकट झालं. मॅडमनी सांगितलं होतं तसं शेपटीच्या मुळाशी खाजवून बघितलं, तर तिने शेपटी एका बाजूला वळवली आणि तशीच उभी राहिली. सूज पण मऊ पडली होती. आधी मी खाजवलं की खाली बसायची. अण्णा बघत होते, म्हणाले, "हं, आता उभी राहिली." म्हैस रेड्याला घ्यायला तयार झाली की उभी राहते तेच. एवढं एक मात्र गुरांसारखंच निघालं.

आणि तेरावा दिवस म्हणजे अनंत चतुर्दशी. गल्लीतली मिरवणूक, ढोल, फटाके, गेट उघडं, घरात पाहुण्यांची जा-ये, मी चिंगीला मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेलं, कोणीतरी पाण्याचा हंडा घ्यायला गेलं आणि कडी लावायची राहिली. दहा मिनिटांनी लक्षात आलं. ती शाळेच्या भिंतीपाशी सापडली, चार कुत्रे भोवती. लागल्यावर कुत्रा-कुत्री काही वेळ एकमेकांना जोडलेले राहतात तशी अडकलेली नव्हती, पण आधी काही झालं का हे कोण सांगणार. अडकलेली दिसली तर काय करायचं तेही लिहिते, कारण आमच्याकडे लोक लगेच पाणी मारतात, दगड मारतात, ओढतात. तसं अजिबात करू नका, दोघांनाही आतून इजा होते. पाच मिनिटं ते अर्धा तास लागतो, आपोआप सुटतात, तोपर्यंत शांत उभं राहायचं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नऊ महिन्यांचं पोर, तिला पिल्लं झाली तर ती कशी सांभाळणार. सकाळी मॅडमना विचारलं की गर्भ राहू नये म्हणून काही देता येईल का. त्या म्हणाल्या तसलं इंजेक्शन धोक्याचं आहे, महिनाभर थांबा, सोनोग्राफी करू, गाभण निघाली तर काय करायचं ते तेव्हा ठरवू. १८ ऑक्टोबरला सोनोग्राफी केली. काही नव्हतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

तिथेच मॅडमनी सांगितलं की हीट संपल्यावर दोन-अडीच महिने लक्ष ठेवा. पाणी खूप पिणं, सारखी लघवी, उलट्या, मलूल होणं, मागून घाण वासाचा पू, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी आणा. कधी पू बाहेर येतच नाही, आतच साठतो, ते जास्त वाईट. हे ऐकताना मला आमची आधीची कुत्री लाली आठवली. मी सातवीत होते, लाली वर्षाला दोनदा व्यायची, एकदा व्यायली नाही आणि नंतर पाण्याच्या भांड्यापाशीच पडून असायची. चार दिवसांत गेली. आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो की कोणीतरी विष घातलं. मॅडम म्हणाल्या नक्की सांगता येणार नाही, पण लक्षणं तीच आहेत. घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दिवाळी झाल्यावर आठेक दिवसांनी चिंगीने माझी ओढणी आणि एक रबरी बदक कोपऱ्यात नेऊन जागा केली, बदकाजवळ कोणाला फिरकू देईना आणि सडांना दूध आलं. सोनोग्राफी चुकली की काय असं वाटून पोटात गोळा आला. पण हे गर्भ न राहताही होतं. दूध पिळायचं नाही, पिळलं की अजून येतं. बदक हळूच काढून घेतलं, फिरणं वाढवलं, तीन आठवड्यांत आटलं.

दूध पूर्ण आटेपर्यंत आणि हीटचा सगळा परिणाम ओसरेपर्यंत मॅडमनी नसबंदीचं ऑपरेशन थांबवलं होतं, संक्रांत झाल्यावर केलं. हीटमध्येच केलं तर तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं. दहाव्या दिवशी टाके काढले. अण्णा तेवढे दहा दिवस गोठ्यातून चारदा घरात येऊन तिला बघून जायचे.

आता शेजारच्या काकांची राणी हीटवर आहे, आज आठवा दिवस. उरलेली डायपर मी त्यांना दिली. सकाळी अण्णा कंपाउंडवरून त्यांना सांगत होते, "रक्त थांबलं म्हणून सोडू नका हो, खरं तिथनं पुढं असतंय," आणि आमच्या कालनिर्णयवर म्हशीच्या गोलाशेजारी राणीच्या तारखेलाही त्यांनी गोल केलाय.