कोझिकोडला, शेवटच्या फेरीसाठी

निघताना आईनं छोट्या डबीत सुंठवडा भरून दिला. रविवारी रामनवमी, आणि मी त्या दिवशी घरी नसणार. "बारा वाजले की चिमूटभर तोंडात टाक," एवढंच म्हणाली. पुण्याहून कोकण रेल्वेनं रात्रभर आणि मग अर्धा दिवस प्रवास. मंगळूर सोडल्यावर खिडकीत नारळ, खाडी, पुन्हा नारळ. मध्ये मध्ये पिकं निघालेल्या शेतात दोन बांबू रोवून केलेले गोलपोस्ट दिसत होते. मलबारात शिरल्याची खूण म्हणजे हे बांबू.

६ एप्रिल २०२५. कोझिकोडच्या ईएमएस स्टेडियमवर गोकुलम केरळ विरुद्ध धेंपो, फुटबॉलच्या आय-लीगची बाविसावी आणि शेवटची फेरी. बारा संघांच्या या स्पर्धेत त्या सकाळी चौघांना अजून आशा होती: चर्चिल ब्रदर्स ३९ गुण, गोकुलम ३७, रिअल काश्मीर आणि इंटर काशी प्रत्येकी ३६. या चौघांचे सामने दुपारी चारला एकदमच सुरू. गोकुलमला इथं जिंकणं भाग होतं, शिवाय तिकडे श्रीनगरला चर्चिलचा पाय घसरायला हवा होता.

तीनलाच जाऊन बसलो. ऊन असं की सिमेंटच्या पायरीवर वर्तमानपत्र घातल्याशिवाय बसवेना. शेजारी साठीपुढचे एक काका, पांढरी लुंगी, हातात शेंगदाण्याचा पुडा. मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत बोलणं सुरू झालं. पुण्याहून आलो म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "पूना एफसी?"

इतक्या लांब कुणाच्या तोंडी ते नाव ऐकेन असं वाटलं नव्हतं. बालेवाडीला मी त्या संघाचे किती सामने पाहिले, मोजदाद नाही. दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला तो संघ २०१२-१३ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५मध्ये तो बंद झाला. काका म्हणाले, "गुड टीम." मग पुडा पुढे केला. मी डबी उघडली. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे बारीक केले आणि हसले, "चुक्कु!" त्यांच्याकडे सुंठीला चुक्कु म्हणतात.

त्या मैदानावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन संघांत या लीगची अख्खी कुंडली होती. धेंपो पणजीचा. १९९६-९७ला राष्ट्रीय लीग सुरू झाली, फगवाड्याच्या जेसीटीनं पहिली जिंकली. २००५-०६ला मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं विजेतेपद आणलं. २००७ला तिचं नाव आय-लीग झालं आणि पुढची सलग सहा वर्षं करंडक गोव्याबाहेर गेलाच नाही: तीनदा धेंपो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. तेव्हा ही देशातली सर्वांत वरची लीग होती. २०१४ला इंडियन सुपर लीग आली, पैसा आणि टीव्ही तिकडे गेले. आय-लीगचं पुढं काय होणार या प्रश्नावरून २०१६मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा स्पर्धेतून बाहेर पडले. त्या रिकाम्या जागेत, खालच्या श्रेणीत घसरलेल्या मिझोरामच्या ऐझॉलला परत घेतलं, आणि त्यांनी मुंबई एफसीत वर्षानुवर्षं घडलेल्या खालिद जमीलच्या हाताखाली त्याच मोसमात लीग जिंकली! भारतीय फुटबॉलमध्ये याहून मोठी गोष्ट मी पाहिलेली नाही.

गोकुलमचं दुखणं निराळं. त्यांनी २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली, दोन्ही वेळा कोलकात्यात. पहिल्या वेळी शेवटच्या सामन्यात मणिपूरच्या ट्राऊविरुद्ध एक गोलनं मागे पडून ४-१. पण तोवर सुपर लीग देशातली वरची पायरी ठरली होती आणि विजेत्याला वरच्या पायरीवर जायची वाट मात्र नव्हती. ती उघडली २०२२-२३च्या विजेत्यापासून. पंजाब वर गेला, पुढच्या वर्षी मोहामेडन स्पोर्टिंग गेला. खाली दोन संघ उतरायचे, त्यांच्या जागी खालच्या आय-लीग २ मधून दोन यायचे. धेंपो असाच परतला होता. सुपर लीगमधून मात्र तोपर्यंत कुणी खाली उतरलेलं नव्हतं. काकांनी बोटं दाखवून सांगितलं, "टू टाइम्स चॅम्पियन. नो डोअर." मला उत्तर देता आलं नाही.

सामना सुरू झाला आणि पहिल्या अकरा मिनिटांत गोकुलमच्या थाबिसो ब्राउनचे दोन गोल. स्टेडियम अक्षरशः हादरलं. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. धेंपोच्या बाकापाशी प्रशिक्षक समीर नाईक हात मागे बांधून उभे होते. धेंपोच्या सोन्याच्या दिवसांत हेच मधल्या बचावात खेळायचे. मध्यंतरापर्यंत २-२. त्यातला दुसरा कपिल होबळेचा, आणि ते गोव्याचं आडनाव ऐकून मी गोकुलमच्या प्रेक्षकांत बसून नकळत टाळी वाजवली. काकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

उत्तरार्धात धेंपो पुढे, लगेच ब्राउनचा तिसरा, ३-३. प्रत्येक पायरीवर कुणीतरी फोनवर श्रीनगरचा सामना लावून बसलं होतं. तिकडे बरोबरी होती. आणि जादा वेळेत ब्रोसूनं धेंपोचा चौथा मारला. ३-४.

एवढ्या गर्दीत अशी शांतता मी ऐकली नव्हती. कोणी बाटली फेकली नाही, कोणी शिवी दिली नाही. गळ्यात मफलर असलेली दहा-बारा वर्षांची एक मुलगी कुंपणाच्या जाळीला कपाळ टेकून उभी होती. धेंपोचे खेळाडू समोरून जाताना त्यांच्यातला एक थांबला, तिच्या जाळीवर हळूच टिचकी मारून पुढे गेला. काका उठले, लुंगी झटकली, "नेक्स्ट इयर, मोने." मोने म्हणजे बाळा.

श्रीनगरला १-१ राहिलं, चर्चिल ४० गुणांवर थांबला. काशीनं आपला सामना जिंकला, ३९. पण जानेवारीतल्या सामन्यात नामधारी संघानं अपात्र खेळाडू उतरवल्याची काशीची तक्रार निकाली निघालेली नव्हती. चर्चिलला विजेता घोषित केलं गेलं, आणि जुलैत स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादानं ते विजेतेपद काशीला दिलं. काशीचा हक्क मी नाकारत नाही, नियम तो नियम. पण एप्रिलमध्ये संपलेल्या लीगचा विजेता जुलैत ठरतो, याचा मला मनापासून राग आहे. त्या दिवशी चार गावांतली माणसं उन्हात बसून जे मोजत होती, ते गुणच खरे नव्हते.

रात्री मिठाई तेरू या बाजाररस्त्यावरून काळा हलवा घेतला. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत डबीच्या तळाशी सुंठवड्याची पूड उरली होती, ती मडगाव येईपर्यंत संपली. फलाटावर लाल जर्सी घातलेली चार पोरं चर्चिलच्या नावानं नाचत होती. चहावाला त्यांना पैसे न घेता चहा देत होता.