पहिली भाकरी

बोर्डिंगमध्ये मी आलो तेव्हा 1972 ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दिवाळी म्हणायची एवढंच. नगर जिल्ह्यात त्या वर्षी पावसानं पाठच फिरवली होती. विहिरींचे तळ उघडे पडले होते, आमची बैलजोडी मिळेल त्या भावात गेली होती आणि आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते. वडिलांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत आणलं. हेडसरांना म्हणाले, "गुरुजी, पोराला दोन टाइम खायला मिळालं तरी लई झालं. शिकला तर तुमचे उपकार." आणि माझ्याकडे न बघता सायकल घेऊन निघून गेले. न बघता का गेले, ते मला मुलं झाल्यावर कळलं.

मी पाचवीत होतो आणि माझ्या अंगभर खरूज होती.

ज्याला ती झाली आहे त्यालाच तिची रात्र माहीत. दिवसा कशीबशी सहन होते. रात्री गोधडीत ऊब आली की बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेच्या नाडीखाली अशी उठते की रक्त निघेपर्यंत हात थांबत नाही. माझ्या बेचक्यांत पिवळे फोड होते आणि बोटं फाकवून चालायची सवय लागली होती. पहिल्याच रात्री शेजारच्या दोघांनी वळकट्या उचलल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. कुणीही नेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोर्डिंगच्या मावशींनी हाक मारली. स्वयंपाकघरामागच्या फरशीवर घमेलं ठेवलेलं, त्यात कडुलिंबाचा पाला टाकून उकळलेलं पाणी. पाण्याला हिरवट रंग आणि कडू वाफ. मावशी पाटावर बसल्या होत्या, पदर खोचलेला. म्हणाल्या, "इकडं ये. हात दे."

मी हात पाठीमागे नेले. मार मिळेल अशी भीती नव्हती. लाज वाटत होती. घरात आईसुद्धा माझे कपडे काठीनं उचलायची. या बाईंचे हात स्वच्छ, त्यांना पिठाचा वास, आणि त्यांनी माझे हात धरायचे? मी म्हणालो, "मावशी, मी धुतो माझं मी."

"तुझं तू धुतलं असतंस तर एवढं वाढलं असतं का? दे."

त्यांनी हात ओढून घेतले नाहीत, हे मला आजही स्पष्ट आठवतं. स्वतःचे दोन्ही हात पालथे-उताणे न करता नुसते पुढे धरून बसून राहिल्या. पाणी निवायला लागलं तरी बसल्या होत्या. शेवटी मी हात दिले. त्यांनी एकेक बेचकं उघडून फडक्यानं पुसलं, खपल्या भिजवून काढल्या, मग गंधकाचं मलम गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत चोळलं. माझी चड्डी, सदरा, गोधडीचं अस्तर, सगळं पत्र्याच्या डब्यात घालून उकळलं. असं सलग सात संध्याकाळी. मलमाला फटाक्याच्या दारूसारखा वास येई. तो वास मला आजही वाईट वाटत नाही.

एक गोष्ट मला फार पुढे, आठवीत असताना, पाणी वाहणाऱ्या गड्याकडून कळली. त्या हिवाळ्यात बोर्डिंगला पाणी बैलगाडीच्या टाकीनं येई आणि माणशी मोजून मिळे. रोज ते घमेलंभर पाणी कुठून आलं? मावशींच्या वाट्याचं होतं. ते सात दिवस त्यांनी अंघोळ केली नव्हती, ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत होत्या. त्यांनी ते मला कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. पण घरी धर्म म्हणजे नाताळ, ईस्टर आणि लग्नं. शाळेत मात्र रोज संध्याकाळी कंदिलाभोवती प्रार्थना असे. 'उपासना संगीत'मधली गाणी, त्यांत नारायण वामन टिळकांची पुष्कळ. पेटी एकच, तिचे दोन सूर मुके. शेवटी सर आशीर्वाद म्हणायचे: प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता. तोंडपाठ होऊन गेलं होतं. पण प्रीती हा शब्द आमच्याकडे कुणी घरात बोलत नाही. तो फक्त चर्चमध्ये ऐकू यायचा, किंवा लग्नाच्या पत्रिकेत वाचायला मिळायचा. आमच्याकडे म्हणतात माया. म्हणतात, अमक्यानं पोराला जीव लावला. वेदान्ती लोक माया म्हणजे भ्रम म्हणतात म्हणे. नगरच्या खेड्यात माया म्हणजे अगदी खरी, हाताला लागणारी वस्तू आहे. "देवाची प्रीती" म्हणजे "देवानं जीव लावला", हे मला त्या सात संध्याकाळी समजलं, आणि ते कुठल्याही प्रवचनात समजलं नसतं असं मला वाटतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. शास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं, पेत्र असं का म्हणाला? वर्गातली हुशार मुलं म्हणाली, आदरापोटी. मी बोललो नाही, पण मला उत्तर माहीत होतं. लाजेपोटी. आपली घाण दुसऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून. आणि येशू त्याला काय म्हणतो? मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. ख्रिस्ती माणसाला सेवा करायला सगळे शिकवतात. घमेल्यात स्वतःचा हात आधी द्यावा लागतो, हे कमी लोक शिकवतात. योहानाच्या पहिल्या पत्रातही क्रम तोच आहे, "पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो." त्या वाक्यातला 'पहिल्याने' हा शब्द मी पुसट होईपर्यंत पेन्सिलीनं अधोरेखित केला आहे.

खरूज बरी झाली तरी बोटांवर काळे डाग राहिले. एका रविवारी मावशी म्हणाल्या, "आज भाकरी तू वाढायच्या." मी घाबरलो. पोरं माझ्या हातची घेतील? त्या वर्षी भाकरी असायची मिलोची, परदेशातून आलेल्या त्या लाल ज्वारीची. तव्यावरच तिला चिरा पडायच्या. मी टोपली घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभा राहिलो. पहिल्या मुलानं ताट थोडं मागे घेतलं. तेवढ्यात मावशी आल्या, पंगतीत त्याच्या आधी मांडी घालून बसल्या आणि ताट पुढे केलं. त्या कधी पोरांच्या पंगतीत जेवत नसत, सगळ्यांत शेवटी जेवायच्या. मी भाकरी ठेवली. त्यांनी माझ्यासमोर तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला आणि म्हणाल्या, "पुढं चल. उभा काय राहिलास?" बस्स. मग सगळी पंगत जेवली.

1978 ला दहावी झालो. मिरजेला नर्सिंग शिकलो. डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या त्या दवाखान्यानं आमच्यासारख्या किती खेड्यांतल्या मुलामुलींना उभं केलं, त्याची गोष्ट वेगळी लिहावी लागेल. पुढे एका कुष्ठरोग दवाखान्यात लागलो आणि तिथेच रमलो. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचाराची, म्हणजे एकाच वेळी दोन-तीन औषधं देण्याची, शिफारस केली आणि मी ज्या वर्षांत कामाला लागलो त्याच वर्षांत त्या गोळ्यांची पाकिटं खेड्यापाड्यांत पोचू लागली. जंतू मरू लागले. पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. पायाला संवेदना नसली की काटा कळत नाही, विस्तव कळत नाही, चपलेत आलेला खडा दिवसभर कळत नाही. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना हरवल्यामुळे जखमांवर जखमा होऊन ती जातात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला दाखवून दिलं. म्हणून आमचं रोजचं काम काय, तर पाय धुणं. घमेल्यात वीस मिनिटं पाय भिजवायचे, खरबरीत दगडानं कडक कातडी हलके घासायची, ओल्या पायावर तेल लावायचं, जखम बघायची, मऊ रबराची चप्पल द्यायची. पहिल्या दिवशी ते घमेलं बघून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

तिथे एक बाबा यायचे. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यभर वारी केलेली, रोग झाल्यावर सुटलेली. पहिल्यांदा म्हणाले, "ब्रदर, पायाला नका हात लावू. पाप लागंल मला." मी मावशींसारखा नुसता हात पुढे धरून बसलो. बसायला मी शिकलेलो होतो. त्यांनी पाय दिला. पुढची तीन वर्षं मी त्यांचे पाय धुतले आणि ते मला तुकोबांचे अभंग म्हणून दाखवायचे. टिळक म्हणत की तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलाचं अलीकडचं टोक मला बाबांनी दाखवलं.

आता जे लिहितो ते या स्मरणिकेत लिहावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. लिहितो.

एका दुपारी मी वस्तीवर जखमा तपासायला गेलो होतो. बाबा म्हणाले, "ब्रदर, आज आमच्याकडं जेवून जा." त्यांनी स्वतः भाकरी थापली होती. बोटं आखडलेली, त्यामुळे ती एका बाजूला जाड आणि काठाला बोटांच्या पेरांचे ठसे. मी म्हणालो, "बाबा, घाई आहे, बांधून द्या." त्यांनी फडक्यात बांधून दिली, वर ठेचा. कालव्याच्या पुलावर मी सायकल थांबवली आणि भाकरी पाण्यात टाकली.

मी नर्स होतो. औषध सुरू झालेल्या माणसापासून हा रोग पसरत नाही, भाकरीतून तर नाहीच, बहुतेक माणसांच्या अंगात त्याचा प्रतिकार जन्मतःच असतो, हे मी स्वतः गावोगाव चित्रं दाखवून सांगत होतो. बाबांचा रोग तर केव्हाच बरा झालेला होता. मला सगळं ठाऊक होतं. तरी हातानं टाकली. तीन वर्षं पाय धुणारा हात तोच. पाय धुताना मी वर होतो आणि ते खाली होते, याची मला तोवर कल्पनाच नव्हती. त्यांच्या घरचं खायचं म्हणजे त्यांच्या बरोबरीनं जमिनीवर बसायचं, आणि तिथे माझं मन अडलं.

नाताळला मी बोर्डिंगमध्ये आलो. मावशी थकल्या होत्या, पण चूल सोडली नव्हती. चुलीपाशी बसून मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील, किंवा समजूत घालतील. त्यांनी निखारे बाजूला ओढले, त्यावर भाकरी उभी करून शेकली आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पेत्रानं नाकारलं तेव्हा कशापाशी शेकत उभा होता?"

येशूला पकडून नेलं त्या रात्री पेत्र म्हणाला होता, मी त्याचा शिष्य नाही. मी म्हणालो, "कोळशाच्या विस्तवापाशी."

"आणि मागनं प्रभूनं किनाऱ्यावर काय पेटवलं होतं?"

कोळशाचाच विस्तव. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. वर मासळी आणि भाकरी. ज्या वासानं पेत्राला लाज आठवावी, त्याच वासात प्रभूनं त्याला न्याहारीला बोलावलं. मी तो अध्याय कितीदा वाचला असेल, पण हे दोन विस्तव मी कधी जोडले नव्हते. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या.

"जा आणि त्याच्याकडं जेवण मागून खा," त्या म्हणाल्या. "देऊ नको काही. न्यायचं पण नाही काही."

हे न नेणं मला फार जड गेलं. वाटेत दुकानावर दोनदा सायकल थांबवली. नाताळ झालेला, निदान करंज्या तरी न्याव्यात. नाही नेल्या. मोकळ्या हातानं दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, भूक लागलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कालव्याचं माहीत होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी पोतं अंथरलं, तीन दगडांच्या चुलीत फुंकर घातली, दोन्ही तळव्यांमध्ये पीठ धरून सावकाश भाकरी थापली. मला वाटलं उठून मदत करावी. बसून राहिलो. भाकरीच्या काठावर तेच ठसे. मी तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. ठेचा जहाल होता, नाकातोंडातून पाणी आलं, बाबा हसले, मीही हसलो.

"आणखी देऊ का, ब्रदर?" त्यांनी विचारलं.

मी ताट पुढे केलं.