एकाच डोंगरधारेचे दोन ओढे

ओढ्या-नद्यांतल्या बारीक प्राण्यांची मोजदाद हे माझं काम. म्हणजे प्रवाहात जाळी धरायची, तिच्या वरच्या अंगाचे दगड हाताने घासायचे, जे काय वाहत येईल ते पांढऱ्या ट्रेमधे ओतायचं आणि चिमट्याने वेगळं करत बसायचं. त्या दिवशी एकाच डोंगरधारेच्या दोन बाजूंना उगम पावणारे दोन छोटे ओढे तपासायचे होते. माथा ओलांडून सरळ गेलं तर दोघांत एक किलोमीटरपण अंतर नाही, पण पाण्यातून जायचं तर पार खाली मोठ्या नदीपर्यंत उतरून दुसऱ्या बाजूने परत चढावं लागतं. तापमान, ऑक्सिजन, पीएच जवळजवळ सारखं, दगड तसेच, सावली तेवढीच, त्यामुळे ट्रेपण सारखेच निघणार असं सगळे धरून चालले होते.

पहिल्या ओढ्याचा ट्रे नुसता वळवळत होता. मेफ्लाय नावाच्या किड्याची तीन शेपट्यांची पिल्लं, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले फडफडतायत, कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या अळ्या वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळ्या ओढत चालल्यात, चतुराची एक जाडजूड अळी, आणि ॲम्फिपॉड म्हणजे झिंग्यांचे ते छोटे नातेवाईक, कुशीवर पडून घसटत पळणारे, त्यांची तर गर्दीच. शिवाय दगडाखाली काळ्या गोगलगायी.

दुसऱ्या ओढ्यात मेफ्लाय तेच, चतूर तोच, कॅडिस जरा कमी, पण ॲम्फिपॉड एकही नाही, गोगलगाय नाही! त्यांच्या जागी दगडादगडाखाली प्लॅनेरिया, म्हणजे चपटे करडे कृमी, डोळ्यांचे दोन ठिपके, दगड पाण्याबाहेर काढला की आक्रसून थेंबाएवढे होणारे. जाळी वर जाऊन लावली, खाली येऊन लावली, तरी तेच.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा अंगावर काटा आला. ज्यांना मोठेपणी पंख फुटतात ते दोन्हीकडे, आणि फरक होता तो सगळा जन्मभर पाण्यात सरपटणाऱ्यांचा. मेफ्लायची पिल्लं रात्री प्रवाहाबरोबर बरीच खाली वाहून जातात, तरी वरचे ओढे रिकामे होत नाहीत. पंख फुटलेल्या माद्या प्रवाहाच्या वरच्या दिशेला उडत जाऊन अंडी घालतात असं जीवशास्त्रज्ञ कार्ल म्यूलर यांनी १९५४ मधे मांडलं होतं. पुढे अलास्काच्या कुपारुक नदीत जड नायट्रोजनची (म्हणजे नायट्रोजनच्या जरा वजनदार अणूंची) खूण वापरून बघितलं तर बेटिस नावाच्या मेफ्लायचे एक तृतीयांश ते निम्मे प्रौढ दीड-दोन किलोमीटर वर गेलेले निघाले. एवढं उडता येत असेल तर असली धार काय अडवणार त्यांना? ॲम्फिपॉडला मात्र ती भिंतच.

मग संगमाखाली गेलो. तिथे दोन्हीकडचं सगळं एका ट्रेत, प्लॅनेरिया आणि ॲम्फिपॉड एकत्र, दिवसातली सगळ्यात लांब यादी. पण आणखी खाली नदीवर पुढच्या जागी गेलो तर जवळजवळ तीच यादी. वरचे ओढे एकेकटे गरीब पण एकमेकांपासून वेगळे, खालची नदी श्रीमंत पण सगळीकडे एकसारखी. आणि खाली सापडलेले काही जीव तिथे नांदतायत म्हणून नसतातच, वरून सारखे वाहत येत राहतात म्हणून दिसतात.

संध्याकाळी गुण काढताना खरा वाद झाला. आमच्या गुणपद्धतीत प्राण्यांची जितकी जास्त कुळं सापडतील तितकं पाणी चांगलं, त्यामुळे दुसरा ओढा खाली घसरला आणि सोबतचा एक जण ‘बिघडलेला’ लिहायला निघाला. मी अडून बसले. पाण्यात काहीही वाईट नव्हतं, तिथवर गोगलगाय कधी पोचलेलीच नाही, एवढंच. असा शेरा पडला की ओढा ‘तसाही गेलेला’ म्हणून पाइपात घालायला मोकळा होतो, आणि त्याच्यातलं प्लॅनेरिया संपलं तर धारेपलीकडून दुसरं येणार नाही. शेवटी अहवालात उडणारे आणि सरपटणारे अशा दोन वेगळ्या याद्या गेल्या, ‘बिघडलेला’ हा शेरा काढून टाकला.

पुढच्या फेरीला मला मासेपण हवेत असं मी त्याच अहवालात लिहिलंय. नदीतल्या बऱ्याच शिंपल्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वर जातात, म्हणजे बंधाऱ्याने मासा अडवला की शिंपलाही अडला. आणि पहिल्या ओढ्याच्या तोंडाशी बंधारा आहे.