चाररेघी वही

गुरुवार, रात्री साडेअकरा

वही अजून टेबलावरच आहे. दोनशे पानी, एकरेघी.

शाळा सोमवारपासून, म्हणून संध्याकाळी लेकाला, चिऊच्या दादाला, घेऊन दुकानात गेले. ही गर्दी! त्याने काउंटरला हात टेकला, श्वास घेतला आणि सुरुवात केली, "का-का, म-ला..." दुकानदाराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय हवंय बाळ?" असं मोठ्याने विचारलं, जणू त्याला ऐकूच येत नाही. मागे लोक खोळंबलेले. आणि मी बोलून टाकलं, "सहा द्या, दोनशे पानी, एकरेघी."

घरी येऊन त्याने पिशवी उपसली. म्हणाला, "चि-ऊ-ला चार-रे-घी ह-वी हो-ती. मी तेच सां-गत हो-तो."

चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

का बोलले मी? गर्दी होती म्हणून? लोकांनी त्याच्याकडे पाहू नये म्हणून? की माझ्याकडे पाहू नये म्हणून? ह्यांना फोनवर सांगितलं, तर "एवढंच ना, वही बदलून आण" म्हणाले. जाऊ दे.

चार वर्षांपूर्वी त्याच्या लहान मेंदूतली ती गाठ काढली, मेड्युलोब्लास्टोमाची, म्हणजे कॅन्सरची. शुद्धीवर आल्यावर त्याने पाणी मागितलं होतं, स्पष्ट. दुसऱ्या दिवसापासून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशननंतर चारातल्या साधारण एका मुलाचं असं होतं, बोलणं परत येतं. सात आठवड्यांनी आलं, पण असं. प्रत्येक अक्षर सुटं, सारख्याच वजनाचं. त्याला शब्द सुचायला वेळ लागत नाही, डोक्यात वाक्य तयार असतं. जीभ, ओठ, श्वास एका तालात यायला वेळ लागतो. हे मी शाळेत प्रत्येक नव्या बाईंना समजावते. मी, जी आज तीन अक्षरंही थांबले नाही.

सात आठवडे त्या एका शब्दासाठी मी काय काय बोलले होते देवाला.

जेवताना तर त्याला बोलूच देत नाही. "हनुवटी खाली. गिळ. परत गिळ." बेरियम पाजून एक्सरेखाली तपासलं तेव्हा पडद्यावर दिसलं होतं, घोट श्वासनलिकेत उतरत होता आणि हा शांत बसलेला. खोकला नाही, ठसका नाही. तेव्हापासून नुसत्या पाण्याची भीती बसली. पाण्यात पावडर घालून दाट करायचं, ताक पातळ नको, आमटीत भाताची शितं तरंगायला नकोत. त्याच्या न्यूमोनियाचे ते नऊ दिवस... नको.

रात्री जेवायला बसलो, तेव्हा लक्षात आलं. घोटानंतर त्याचा आवाज ओला येतोय का, घशात घरघर आहे का, एवढंच माझे कान टिपत असतात. तो म्हणतो काय, ते राहून जातं. दुकानातही तसंच झालं असणार. आवाज स्वच्छ आहे, धाप नाही, म्हणजे झालं. पुढचं मी सांगते. चार वर्षं मी त्याचा घसा ऐकतेय.

लिहिता लिहिता रडू आलं, मग थांबलं. घसा ऐकणं सुटणार नाही, सुटूही नये. पण "का-का, म-ला" याच्या पुढे एक वाक्य असतं, आणि ते संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. दुकान काही पळून जात नाही. मागचे लोकही थांबतील. नाही थांबले तर दुसरीकडे घेतील वह्या.

झोपताना त्याला विचारलं, उद्या बदलायला जायचं का? म्हणाला, "मी जा-तो. तू झे-रॉक्स-पाशी थांब."

झेरॉक्सच्या पायरीवरून काउंटर दिसतो. ऐकू काही येत नाही.