पट्टी बघ

सकाळचे अकरा वाजले होते. पोटेन्शिओस्टॅटच्या, म्हणजे ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर हिरवी रेघ ८२ मिलिअँपिअरवर सरळ चालली होती. मी निओडिमियमचा चुंबक विजेने पाणी फोडायच्या काचेच्या सेलला बाहेरून हळूच टेकवला आणि रेघ एकदम पायरी चढली. ९७. चुंबक काढला, रेघ खाली. परत लावला, परत ९७. व्होल्टेजला मी हातही लावला नव्हता.

पंधरा मिलिअँपिअरसाठी एवढं काय, असं वाटेल. पण पाणी फोडायला हिशेबाने १.२३ व्होल्ट पुरायला हवेत आणि प्रत्यक्षात बरेच जास्त लागतात, म्हणून एक किलो हायड्रोजनमागे विजेची पन्नासच्या आसपास युनिटं जातात. या जादा खर्चाचा मोठा भाग ऑक्सिजनच्या बाजूला होतो. नाव हायड्रोजनचं, डोकेदुखी ऑक्सिजनची! हायड्रॉक्साइडमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीने नांदतात. ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोन इलेक्ट्रॉन सुटे असतात आणि दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा चुंबकासारखा अंगचा गुण) एकाच दिशेला. म्हणजे वाटेत कुठेतरी स्पिनची भानगड निस्तरावी लागते. उत्प्रेरकच, म्हणजे क्रिया सोपी करणारा पदार्थच, चुंबकीय असेल आणि वरून चुंबकीय क्षेत्र दिलं, तर ही भानगड स्वस्तात मिटेल, अशी कल्पना. २०१९ मध्ये स्पेनमधल्या तारागोनाच्या गटाने निकेल, झिंक आणि लोहाच्या ऑक्साइडवर हे करून दाखवलं: ४५० मिलिटेस्लापर्यंतच्या क्षेत्रात प्रवाह दुपटीच्याही वर. तो पेपर मी इतक्या वेळा वाचलाय की त्यातले आलेख हाताने काढून दाखवीन.

तर मी मोबाइल काढला, चुंबक लावताना आणि काढताना सेल आणि पडदा दोन्ही दिसतील असा व्हिडिओ घेतला आणि लॅबच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, '१८ टक्के!!!' उद्गारचिन्हं तीन. अंगठे आले, पार्टी कधी म्हणून विचारणा झाली. मॅडम परगावी होत्या. त्यांचे दोनच शब्द आले: 'पट्टी बघ.'

पट्टी म्हणजे जिच्यावर ऑक्सिजन सुटतो तो इलेक्ट्रोड: निकेल फोमची (निकेलच्या सच्छिद्र जाळीची), एक चौरस सेंटिमीटर भिजणारी, वरून चिमट्यात लटकवलेली. मी व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला. बुडबुडे वर जातायत, हात येतो, चुंबक काचेला टेकतो, आणि पट्टी झुकते. जेमतेम मिलिमीटरभर, पण रेफरन्स इलेक्ट्रोडच्या, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्याच्या, नळीच्या टोकाकडे.

निकेल चुंबकाला चिकटतं. हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं.

पट्टी नळीच्या जवळ गेली की मधल्या द्रावणाचा रोध कमी होतो. रोध कमी झाला की त्याच व्होल्टेजला प्रवाह वाढतो. मी रोधाची दुरुस्ती नंतर गणितात करते, आणि त्यासाठी वापरत होते सकाळी चुंबकाशिवाय मोजलेले १.९ ओहम. चुंबक लावून इम्पीडन्स घेतला, म्हणजे तोच रोध पुन्हा मोजला, तर १.५७. वाढीचा हिशेब तिथेच लागत होता.

तरी मन मानेना. मग चुंबक लांब कपाटात ठेवला (जवळ ठेवला की कात्री येऊन चिकटते, एकदा त्या दोघांच्या मध्ये बोट सापडलंय), टेफ्लॉनची कांडी घेतली आणि पट्टी तेवढीच हलकेच ढकलली. ९५. कांडी काढली, ८२. चुंबकाचा परिणाम, चुंबकाशिवाय!

हसू आलं आणि रागही. कारण या कामातला प्रसिद्ध सापळा मी मोठ्या शहाणपणाने चुकवला होता. सेलमधलं द्रावण केओएचचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं); साध्या केओएचमध्ये लोहाचा अंश असतो, निकेल तो शोषून घेतं आणि काहीही न करता दिवसभर सुधारत राहतं. म्हणून मी द्रावण आधी निकेल हायड्रॉक्साइडवर शुद्ध केलं होतं, त्यात दोन दिवस घातले होते. दृष्टीला न दिसणारं लोह गाळलं आणि डोळ्यांसमोर हलणारी पट्टी सोडली.

ग्रुपवर 'चूक झाली' असं लिहिलं. त्यावर अंगठे जास्त आले.

जेवणानंतर वर्कशॉपमधून टेफ्लॉनच्या दोन चौकटी कापून आणल्या आणि पट्टी त्यांत सँडविचसारखी आवळून झाकणाला पक्की बसवली. आता चुंबकाने कितीही ओढलं तरी हलायची नाही. रोध दोन्ही वेळा मोजला, दुसऱ्या दशांशापर्यंत तोच. मग पाच मिनिटं चुंबक, पाच मिनिटं नाही, असं दहा वेळा. रेघेला पायरी अजून होती, पण अगदी बुटकी: सरासरी दीड-दोन मिलिअँपिअर. दहापैकी आठ वेळा दिसली, दोनदा गोंगाटात बुडाली.

एवढी वाढ स्पिनमुळेच, असं म्हणायची माझी छाती नाही. द्रावणातून प्रवाह जात असताना चुंबकीय क्षेत्र त्याला आडवा धक्का देतं, त्याने द्रावण ढवळलं जातं, बुडबुडे पट्टीवरून लवकर सुटतात आणि अडलेली जागा मोकळी होते. त्यानेही दोन टक्के सहज निघतील. उद्या स्टररचा वेग वाढवून बघायचं ठरवलं: ढवळण्याचाच खेळ असेल तर पायरी नाहीशी व्हावी.

रात्री आठला मॅडमचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं. व्हिडिओबद्दल एक शब्द नाही, बरं वाटलं.

"चौकट चांगली केलीस. आणि अगं, वरचा चिमटा कशाचा आहे?"

"चिमटा? तो नेहमीचाच, क्रोकोडाइल."

"ते कळलं. धातू कोणता?"

मी फोन कानाशी धरून कपाटातून चुंबक काढला आणि चिमट्याजवळ नेला. तो हातातून सुटूनच गेला.

"आवाज आला मला," मॅडम म्हणाल्या. "उद्या सोन्याची तार लाव."