तुम्ही विचारलंत म्हणून: बेसबॉलमधला पोरगा मेजर लीगसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यांत वरच्या लीगसाठी, तयार झाला, हे ओळखायचं कसं?

"आपला सचिन सोळाव्या वर्षी कराचीत इम्रान-वकारसमोर उभा राहिला. मग हा वीस वर्षांचा पोरगा, इतक्या धावा कुटतोय, तो अजून मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर) काय करतोय?" बेसबॉलचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन थकलोय, म्हणून एकदाच नीट सांगतो.

सचिनने त्याआधी रणजी खेळून शतक ठोकलं होतं, हे सोडून देऊ. मोठा फरक वेगळाच आहे. कसोटीत नवा फलंदाज अर्धा तास चेंडू सोडत नजर बसवू शकतो. बेसबॉलमध्ये दिवसाला जेमतेम चार पाळ्या, एकेका पाळीत चार-पाच चेंडू. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) टाकलेला ताशी ९५ मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरपाशी असलेल्या पाटीवर, पोचतो. खेळायचा की सोडायचा, हे त्याच्या निम्म्या वेळात ठरवावं लागतं. नजर बसवायला तिथे वेळच नसतो.

म्हणून ट्रिपल-एमधली, म्हणजे खालच्या शेवटच्या पायरीवरची सरासरी मी सगळ्यांत शेवटी बघतो. आधी बघायचं ते हे, की झोनबाहेरच्या, म्हणजे प्लेटच्या रुंदीत आणि गुडघा ते छातीच्या उंचीत न बसणाऱ्या, चेंडूंवर तो किती वेळा बॅट फिरवतो. मग झोनमधल्या वेगवान चेंडूंवर त्याची बॅट किती वेळा हुकते. हा दुसरा आकडा वाईट असेल तर बाकीचे चांगले आकडे वर, मेजर लीगमध्ये, टिकत नाहीत, कारण वरचा पिचर तोच चेंडू पुन्हा पुन्हा टाकतो. तिसरी गोष्ट, त्याच पिचरशी आठवड्याभरात दुसऱ्यांदा गाठ पडली तेव्हा काय झालं. आणि बॅटर डावरा असेल तर डावऱ्या पिचरसमोर त्याच्या किती पाळ्या झाल्यात. तीसेक पाळ्यांवरून काही ठरत नाही, निदान शंभर-दीडशे हव्यात. पिचरच्या बाबतीत मी तिसऱ्या प्रकारचा चेंडू बघतो. फास्टबॉल आणि स्लायडर (बाजूला सरकणारा चेंडू) यांवर खाली निभावतं. वर तेच बॅटर एका सामन्यात तिसऱ्यांदा समोर आले की चेंजअपशिवाय, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूशिवाय, भागत नाही.

आता जॅक्सन हॉलिडे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न खरं तर त्याच्याबद्दलच असतो.

२०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, बाल्टिमोर ओरिओल्स या क्लबने पहिल्याच क्रमांकावर उचललेला पोरगा. २०२३ मध्ये एकाच हंगामात डेल्मार्वा, ॲबर्डीन, बोवी, नॉरफोक अशा मायनर लीगच्या चारही पायऱ्या चढला, तेही .३२३ च्या सरासरीने (वॉक वगळून दर हजार पाळ्यांत ३२३ हिट; वॉक म्हणजे चार चेंडू झोनबाहेर पडले की मिळणारा फुकटचा बेस). पण नॉरफोकमध्ये, म्हणजे ट्रिपल-एमध्ये, त्यातले सामने फक्त १८. मार्च २०२४ मध्ये ओरिओल्सने त्याला परत तिथेच पाठवलं. जनरल मॅनेजर माइक इलायस यांनी दिलेली कारणं दोन: सेकंड बेस या जागेवर क्षेत्ररक्षणाचा सराव आणि त्या पातळीवरच्या डावऱ्या पिचर्ससमोर अजून पाळ्या. त्या वेळी माझं मत ठाम होतं की ही नुसती सबब आहे, पहिल्या दिवसापासून खेळवा. नॉरफोकमध्ये दहा सामन्यांत त्याने .३३३ मारले, वॉक धरून बेसवर पोचण्याचं प्रमाण .४८२, म्हणजे जवळजवळ निम्म्या पाळ्यांत. मला वाटलं, झालं सिद्ध.

१० एप्रिलला त्याला वर आणलं. दहा सामने, ३४ अधिकृत पाळ्या (वॉक वगळून), २ हिट, १८ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद). २६ एप्रिलला तो परत नॉरफोकला.

ते .४८२ मी नीट वाचलं नव्हतं. त्या काळात ट्रिपल-एमध्ये मालिकेतल्या पहिल्या तीन सामन्यांत सोडलेला चेंडू स्ट्राइक (झोनमधला) की बॉल (झोनबाहेरचा) हे यंत्र ठरवायचं, उरलेल्या तीनांत निर्णय पंचांचा आणि यंत्राकडे दाद मागायची सोय. त्या झोनमध्ये वॉक सढळ मिळत. वर तीच कडेची रेघ माणूस ठरवत होता. खाली सोडला की बॉल ठरणारा चेंडू वर स्ट्राइक ठरला, की पोरगा पुढच्या वेळी त्याच्यामागे धावतो. मग पिचर आणखी दोन इंच बाहेर टाकतो. त्याच्या अठरांपैकी किती स्ट्राइकआऊट अशाने झाले, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण वॉकचा तो आकडा तसाच उचलून वर लावणं ही चूक होती, आणि ती माझीही होती.

"म्हणजे पैशांसाठी अडवत नाहीत?" अडवतात. क्रिस ब्रायंटने २०१५ च्या सराव हंगामात ९ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे कुंपणापलीकडचे फटके) मारले, तरी शिकागो कब्सने त्याला खाली पाठवलं आणि १७ एप्रिलला आणलं. मेजर लीगमधल्या सेवेचं वर्ष १७२ दिवसांचं, त्याचे भरले १७१. क्लबचा हक्क त्याच्यावर एक वर्ष जास्त राहिला. तक्रारीचा निकाल २०२० मध्ये त्याच्या विरोधात गेला. थर्ड बेसवरचं क्षेत्ररक्षण सुधारायचंय, हे कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण हॉलिडेला ज्या दिवशी आणलं, तिथून वर्ष भरण्याइतके दिवस शिल्लक होते. त्याच्या बाबतीत हा आरोप तितका सरळ बसत नाही.

३१ जुलैला तो परत आला आणि त्याच दिवशी ओरिओल्सच्या कॅम्डन यार्ड्स मैदानावर ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला. मेजर लीगमधला त्याचा पहिला होमरन, चेंडू थेट कुंपणामागच्या युटॉ स्ट्रीटवर. तो व्हिडिओ पाठवून तुम्ही मला विचारता, "बघा, तयारच होता ना?" पण हंगाम संपला .१८९ वर. २०२५ मध्ये जवळजवळ पूर्ण हंगाम खेळला, १७ होमरन.

मग एप्रिलमध्ये आणलं ते चुकलं का? माझं जुनं मत म्हणतं, माइक ट्राउटही २०११ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ४० सामन्यांत .२२० च मारून गेला आणि पुढच्या वर्षी .३२६ मारून रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला. वर मार खाल्ल्याशिवाय काय दुरुस्त करायचं हेच कळत नाही. त्यावर मीच मला डेव्हिड क्लाइडची आठवण करून देतो. १९७३ मध्ये शाळेतून थेट टेक्सास रेंजर्सच्या मैदानावर उतरवलेला अठरा वर्षांचा पिचर. पहिल्या सामन्यात ८ स्ट्राइकआऊट घेतले, पण वॉकही ७ दिले. कारकीर्द १८ विजय, ३३ पराभवांवर संपली. त्याला दोन वर्षं खाली ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि हॉलिडेच्या त्या ३४ पाळ्या नॉरफोकमध्ये झाल्या असत्या, तर जुलैत कुठला पोरगा परत आला असता, याचंही नाही.