संगणकाचाही आवाज असतो

आमच्या पॉडकास्टचा पहिला भाग आजही ऐकला, की सातव्या मिनिटाच्या आसपास एक बारीक घोंगावणे सुरू होते आणि ते शेवटपर्यंत थांबत नाही. मैत्रीण आणि मी दोघी मिळून हा पॉडकास्ट करतो; विदर्भातल्या जुन्या व्यवसायांतल्या माणसांशी गप्पा, एवढेच त्याचे स्वरूप. घोंगावणारी वस्तू म्हणजे माझा तेव्हाचा नवा लॅपटॉप. नागपुरातल्या बर्डीवरच्या एका दुकानात मी ‘पॉडकास्टच्या एडिटिंगसाठी’ एवढेच सांगितले आणि त्यांनी ७२ हजारांचा गेमिंग लॅपटॉप पुढे केला. वेगळे ग्राफिक्स कार्ड, लाल दिवे लागणारा कीबोर्ड, दोन पंखे. एप्रिलमधल्या नागपुरात ते दोन्ही पंखे सातव्या मिनिटाला पूर्ण जोरात फिरू लागले, आणि मायक्रोफोन तर त्याच टेबलावर, हातभर अंतरावर होता.

त्यानंतरच्या दोन वर्षांत बरेच काही घेतले, विकले आणि उसने आणले. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. पॉडकास्टसाठी संगणक निवडताना तो किती वेगवान आहे हा प्रश्न जवळजवळ गैरलागू असतो. तो किती शांत आहे, किंवा त्याला ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर ठेवता येईल का, हे आधी पाहावे लागते. दुकानात मात्र हा प्रश्न कोणीही विचारत नाही.

वेग गैरलागू का, याचा हिशोब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाने एका मायक्रोफोनचे ध्वनिमुद्रण करताना सेकंदाला ४८ हजार नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुन्याला तीन बाइट लागतात, म्हणजे सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट आणि तासाला सुमारे ५२० एमबी. दोन माणसांच्या तासाभराच्या गप्पा जेमतेम एक जीबी भरतात. इतकी माहिती लिहून घेणे दहा वर्षांपूर्वीच्या हार्ड डिस्कलाही अवघड नव्हते. ऑडॅसिटी हा ध्वनिमुद्रणाचा आणि एडिटिंगचा विनामूल्य प्रोग्रॅम २००० सालापासून लोकांच्या हाती आहे, आणि त्या काळच्या संगणकांवरही तो चालत होताच. एडिटिंगसाठी आठ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असलेला कोणताही बरा लॅपटॉप पुरतो. आवाजातली खरखर काढणारी अलीकडची भारी साधने वापरायची असतील किंवा पुढे व्हिडिओही करायचा असेल, तर १६ जीबी रॅम घ्यावी. ती बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येत नाही.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र अवश्य तपासावी. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्तात मिळत असला, तरी तो का स्वस्त आहे ते समजून मगच घ्यावा.

शांततेच्या दृष्टीने पाहिले, तर ॲपलच्या मॅकबुक एअरचे एम१ चिप असलेले आणि त्यापुढचे नमुने सरस ठरतात, कारण त्यांत पंखाच नाही. भाच्याचा एम१ एअर मी महिनाभर वापरून पाहिला आणि ध्वनिमुद्रणात त्याचा मागमूसही लागला नाही. मात्र हा लॅपटॉप १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे कंपनीच सांगते. मे महिन्यातल्या नागपूरकराने हे वाक्य वाचून हसावे की रडावे, हे मला ठरवता आलेले नाही. नुसत्या ध्वनिमुद्रणाचा ताण नगण्य असल्यामुळे प्रत्यक्षात तो कधी बंद पडला नाही, पण दुपारी मोठी फाइल तयार करायला लावली की त्याचा वेग उतरत असे आणि त्याच्या पाठीवर हात ठेववत नसे.

मी शेवटी एअर घेतला नाही. गेमिंग लॅपटॉप विकायला गेले तेव्हा ३८ हजारांच्या वर कोणी बोलेना, म्हणून तो एडिटिंगसाठी ठेवून घेतला आणि ध्वनिमुद्रणातून संगणकालाच वजा केले. झूम एच५ नावाचा हातात मावणारा रेकॉर्डर मी वापरलेला विकत घेतला. त्याला दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीचे) मायक्रोफोन जोडता येतात, तो दोन पेन्सिल सेलवर चालतो, आणि ३२ जीबीच्या कार्डावर दोन माणसांचे सुमारे तीस तासांचे बोलणे मावते. त्याला पंखा नाही, तो मध्येच अपडेट मागत नाही, आणि वीज गेली तरी त्याला पत्ता लागत नाही.

विजेवरून आठवले. पहिल्या काही भागांत घोंगावण्याच्या जोडीला आणखी एक खालच्या पट्टीतली गुणगुण होती आणि ती मायक्रोफोन बदलूनही जात नव्हती. एके दिवशी लॅपटॉपचा चार्जर चुकून निघाला आणि हेडफोनमध्ये एकदम शांतता पसरली. घराच्या त्या बाजूच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण चार्जरमधून लॅपटॉपमध्ये, तिथून यूएसबीच्या तारेने ऑडिओ इंटरफेसमध्ये (मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीत) आणि मग थेट आमच्या बोलण्यात उतरत होती. इलेक्ट्रिशियनने अडीचशे रुपयांत जे काम केले, त्यासाठी मी साडेचार हजारांची नवी केबल आणि फिल्टर मागवण्याच्या बेतात होते. लॅपटॉपवरच ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी निदान तेवढा वेळ तो बॅटरीवर चालवून फरक ऐकावा.

मायक्रोफोनच्या बाबतीतही पहिली खरेदी चुकलीच. यूट्यूबवरच्या शिफारसी ऐकून एक कंडेन्सर मायक्रोफोन आणला. तो वाईट नव्हता; उलट फारच चांगला होता. शेजारच्या कुकरच्या तिन्ही शिट्ट्या, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची आणि खिडकीतल्या कूलरमधून ठिबकणारे पाणी त्याने मन लावून टिपले. कंडेन्सर मायक्रोफोन संवेदनशील असतो आणि स्टुडिओच्या बंदिस्त खोलीत तोच त्याचा गुण ठरतो. आपल्या घरात, जिथे दारे-खिडक्या उघड्याच असतात, तिथे साधा डायनॅमिक मायक्रोफोन बरा, कारण तो तोंडापासून चार बोटांवर धरावा लागतो आणि दूरचे फारसे ऐकत नाही. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. त्याचा फायदा जवळच्या बोलण्याला मिळतो. कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक सांगायला हवे, की पावसाळ्यातल्या दमट हवेत कंडेन्सर मायक्रोफोन कडकडू लागतो. तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

आम्ही आता शुअर कंपनीचे एसएम५८ वापरतो. सभेच्या व्यासपीठावर आणि ऑर्केस्ट्रात सर्वत्र दिसणारा, जाळीच्या गोल डोक्याचा मायक्रोफोन तो हाच. १९६६ पासून तो बाजारात आहे आणि बनावट मालही तितकाच आहे, तेव्हा खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा. एकट्याने बोलणाऱ्याला रेकॉर्डर नको असेल, तर सॅमसन क्यू२यू सारखा यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक मायक्रोफोन सोयीचा पडतो, कारण पुढे इंटरफेस घेतला तरी तो वाया जात नाही. पॉडकास्टच्या व्हिडिओंत दिसणारा काळा, जाडजूड एसएम७बी पाहून मलाही मोह झाला होता. त्याचे सिग्नल इतके क्षीण असते, की ते सुमारे ६० डेसिबल वाढवावे लागते, आणि स्वस्त इंटरफेस तिथवर पोहोचेपर्यंत स्वतःच सूं सूं करू लागतो. म्हणजे मायक्रोफोनपाठोपाठ दुसरा खर्च उभा राहतो.

मायक्रोफोन पारखताना ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ म्हणून भागत नाही, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. मराठीत भ, फ, ख, ठ, ध ही महाप्राण व्यंजने पावलोपावली येतात आणि त्यांच्याबरोबर हवेचा जो झोत बाहेर पडतो, तो जाळीवर आदळून धप्प असा आवाज करतो. शिवाय चूल, चाक, चांगला यांतला दंततालव्य ‘च’ आणि त्याच्या सोबतीला ‘स’ काही मायक्रोफोनांवर सुईसारखा टोचतो. म्हणून मी दुकानात दोन वाक्ये म्हणून पाहते. ‘भाऊसाहेबांनी फाटक्या पोत्यातले भाताचे भुसकट भराभर बाहेर फेकले’ हे पहिले, आणि ‘चांगल्या चुलीवर चोराने साजूक साखरभात शिजवला’ हे दुसरे. दुकानदार माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात, पण निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. धप्प आवाजावर स्पंजची टोपी आणि मायक्रोफोन तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडून धरणे, हे दोन उपाय पुरतात.

या सगळ्या जुळणीची खरी परीक्षा भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीकडच्या एका विणकर काकांच्या घरी झाली. काका बोलत होते आणि भिंतीपलीकडे त्यांच्या मुलाचा हातमाग चालू होता. धोटा इकडून तिकडे गेला की खट्, फणी आपटली की धप्. माग थांबवा असे म्हणणे मला जड गेले, कारण त्या दिवशीचे काम त्या दिवशीच व्हायचे होते. मी मायक्रोफोन काकांच्या हातात दिला आणि हनुवटीला जवळजवळ टेकवून धरायला सांगितला. घरी येऊन ऐकले, तर बोलणे स्वच्छ होते आणि मागाची खट्-धप् मागे, भिंतीआड असावी तितकीच होती. तो भाग मी जवळजवळ न कापता दिला. कंडेन्सर असता तर तिथे फक्त माग ऐकू आला असता.

हेडफोन तारेचा आणि कान पूर्ण झाकणारा असावा, एवढे सांगून पुढे जाते. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि त्याचाच मायक्रोफोन वापरला, तर दर्जा जुन्या फोनसारखा उतरतो. खोलीसाठी आम्ही काहीही विकत घेतलेले नाही. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर बसतो आणि पाठीमागच्या दोरीवर आजीच्या दोन गोधड्या टाकतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला बरेच जण देतात. पुठ्ठा इतका पातळ असतो, की बोलण्याचा घुमारा त्याने शोषला जात नाही.

एडिटिंग झाले की आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो, याचे माप) आसपास आणते, कारण ॲपल पॉडकास्टची शिफारस तीच आहे, आणि फाइल मोनो (एकाच वाहिनीची), सेकंदाला ९६ किलोबिटची एमपी३ ठेवते. तासाभराचा भाग ४३ एमबीत बसतो. आमचे बरेच श्रोते गावाकडे मोबाइलच्या डेटावर ऐकतात, त्यांना ते परवडते.

उरला प्रश्न उन्हाळ्याचा, आणि त्यावर कोणतेही यंत्र मला सापडलेले नाही. मे महिन्यात कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून बंद खोलीत बसायचे म्हणजे वीस मिनिटे ही हद्द. त्यामुळे आम्ही पहाटे साडेचारला बसतो. वीस मिनिटे बोलायचे, दार उघडून दहा मिनिटे कूलरसमोर उभे राहायचे, चेहरा दुपट्ट्याने पुसायचा आणि पुन्हा बसायचे. सहाला दूधवाल्याची मोटारसायकल येते, तोवर दोन फेऱ्या होतात. गेमिंग लॅपटॉप तेव्हा आतल्या खोलीत, झाकण मिटून, चार्जरला लावलेला असतो.